अजून एक सुई

शोधण्यात सुख मानणारा आमच्या आतोबांसारखा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी अगदी जबाबदारीनं म्हणतो. वस्तू सापडल्यावर खूश होणारी माणसं सगळीकडे असतात. आतोबांना वस्तू सापडली की उलट थोडी हुरहुर लागायची. पंगत उठल्यावर रिकाम्या मांडवाकडे बघताना लागते तशी. त्यांचा जीव रमायचा तो सापडण्याच्या आधीच्या वेळात. काय हवं, काय नको, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतचं हवं, कशाच्या शेजारचं हवं, हे ठरवण्यात त्यांच्या दुपारच्या दुपारी निघून जात. ओट्यावरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून ते पडलेले असले की नवख्या माणसाला वाटे, झोपले. पण त्यांचा उजवा अंगठा हळूहळू बोटांच्या पेरांवरून फिरत असे, आणि आत्या आतून सांगे, "झोपले नाहीत रे ते. प्रश्न निवडतायत. तांदूळ निवडायला सांगितले असते तर एव्हाना भात झाला असता."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी पोशीरचा. घरी भातशेती, आणि घरात शाळेची शेवटची परीक्षा देणारा मीच पहिला. आत्यानं मला कर्जतला आपल्या घरी ठेवून घेतलं नसतं तर पदवी सोडाच, पदवीधर माणूस जवळून पाहायलाही मला फार उशीर झाला असता. त्या घराचं अन्न मी इतकी वर्षं खाल्लं की आतोबांविषयी चार ओळी लिहितानाही पानावर बसल्यासारखा मांडी घालून बसतो. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे. मी मात्र शेवटपर्यंत आतोबाच म्हणत राहिलो.

खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात त्यांची नोकरी होती. यंत्रांवर नव्हे, यंत्रांच्या कागदांवर. नकाशे, पत्रं, दुरुस्तीचे अहवाल असा कागदांचा डोंगर तिथे होता, आणि त्यातून हवा तो कागद काढण्यासाठी एका साहेबानं परदेशातून कार्डांची एक पद्धत आणली होती. कार्ड पोस्टकार्डाहून जरा मोठं, चारी कडांना बारीक भोकांची रांग. प्रत्येक भोकाला एक अर्थ दिलेला. कागदात ती गोष्ट असेल तर त्याच्या कार्डावरचं ते भोक कडेपर्यंत कापून टाकायचं, म्हणजे भोकाची खाच होते. मग सगळी कार्डं गठ्ठ्यानं उभी धरायची, त्या भोकातून लांब सुई घालायची आणि गठ्ठा उचलून हलवायचा. खाच असलेली कार्डं भुरभुर खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेली घेऊन पुन्हा दुसऱ्या भोकात सुई घातली की त्यातली आणखी थोडी पडतात. असं करत करत डोंगरातून एक कागद. "हवं ते खाली पडतं आणि नको ते हातात राहतं," आतोबा म्हणायचे, "सुरुवातीला उलटं वाटतं. मग सवय होते."

पुढे कारखान्यात गार हवेच्या खोलीत ठेवायचं एक यंत्र आलं आणि कार्डं अडगळीत गेली. आतोबांनी कोरी कार्डं रीतसर अर्ज करून मागून घेतली, पोत्यात भरली, एस.टी.च्या टपावर चढवून कर्जतला आणली, आणि गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर पडलेली जुनी साप्ताहिकं, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, शाळांच्या बक्षीससमारंभाचे कागद या सगळ्यांना एकेक कार्ड द्यायला बसले. हे करा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. खाच पाडायला एका निवृत्त कंडक्टरकडून तिकिटाचा जुना पंच मिळवला होता, आणि सुई अर्थातच आत्याची, लोकरीची. त्यामुळे माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर कितीतरी दिवस एका बाहीवर थांबून होता. मी कॉलेजला जाताना आत्या हळहळायची, "एक बाही तरी घालून जा रे!"

ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी मुरली की ते भाजीसुद्धा तशीच घेत. बाजारात वांगीवालीसमोर उकिडवे बसून सांगत, "वांगी हवीत. काटेरी हवीत. पण भरताची नकोत. परवाच्या पावसानंतर तोडलेली आणि काल संध्याकाळच्या आधी तोडलेली हवीत. आणि भेंडीच्या टोपलीला लागून ठेवलेली नकोत." ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राही. "आप्पा, वांगी शिजवायची हायत का त्याच्याशी लगीन लावायचंय? घ्या पटापटा, नायतर मी उठते." मग आतोबा मुकाट्यानं समोर येतील ती वांगी घेत, आणि घरी येऊन म्हणत, "बाई चांगली आहे, पण तिच्याकडे भोकं कमी आहेत."

एकदा पोशीरला आमची म्हैस हरवली. बाबा सकाळपासून रानात हिंडून दमून आले होते. आतोबा नेमके त्या दिवशी आलेले. त्यांनी बाबांना खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "म्हैस कशी आहे ते नंतर. कशी नाही ते आधी सांगा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पांढरी नाय."

"छान. अजून?"

"उडत नाय."

"मेहुणे, थट्टा नको. ती एकटी जाते का कुणाच्या मागून जाते? पाण्याच्या जवळ जाते का पाण्यापासून लांब?" हे प्रश्न असे चालले असताना म्हैस आपली आपण चरून परत आली आणि गोठ्याच्या दाराशी उभी राहून दोघांकडे बघत राहिली. बाबा उठले. आतोबा मात्र जागचे हलले नाहीत. "थांबा हो," ते कळवळून म्हणाले, "आपण अगदी जवळ आलो होतो."

पावसाळ्यात त्यांची फार पंचाईत व्हायची. आमच्याकडच्या दमट हवेत कार्डं फुगत, एकमेकांना चिकटत, आणि भाताच्या रोगाची माहिती मागितली तर त्याबरोबर कुणाच्या तरी लग्नाचं निमंत्रण आणि घाटात उलटलेल्या बैलगाडीची बातमीही पडत असे. मग आतोबा चुलीजवळ जाऊन तव्यावर कार्डं शेकत. आत्या म्हणायची, "आधी भाकऱ्या का आधी तुमचे पापड?" पण त्या ओल्या दुपारी चुकून एकत्र पडलेली कार्डं ते लगेच परत लावत नसत. मांडीवर ठेवून बघत बसत. बाहेर उल्हास नदी गढूळ होऊन वाहत असायची, माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला, आणि आतोबा स्वतःशीच पुटपुटत, "बैलगाडीतला माणूस लग्नालाच निघाला असेल का?" अशा वेळी त्यांच्याशी बोलू नये असं आम्हाला आपोआप वाटायचं.

गावात मात्र या सुईची वेगळीच ख्याती झाली. आमच्याकडे देवाला कौल लावतात; मूर्तीला लावलेली फुलं उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. गठ्ठ्यातून कार्डं पडताना ज्यांनी पाहिली त्यांना हाही कौलच वाटला. एक दिवस ठाकुरवाडीहून एक म्हातारा नारळ घेऊन आला आणि कार्डांसमोर ठेवून हात जोडून उभा राहिला. "धाकल्याला मुंबईला धाडू का नको, तेवढं बघा."

आतोबा संतापले. "अहो, हे देवाचं नाही, कागदांचं आहे!" पण चुकीचा विचारलेला प्रश्न तसाच जाऊ देणं त्यांच्यानं होईना. "आणि मुंबईला म्हणजे कुठे? कामाला का शिकायला? कधीपासून कधीपर्यंत? तुम्हाला तो गेलेला नको आहे का परत न आलेला नको आहे?"

म्हाताऱ्यानं जोडलेले हात सोडले. मग हळूच म्हणाला, "परत न आल्याला नको हाय." आणि नारळ तिथेच ठेवून निघून गेला. त्याला उत्तर मिळालं होतं, आणि आतोबांनी सुई उचललीही नव्हती. नारळाची आत्यानं चटणी केली. तेव्हापासून नारळ येत राहिले आणि आतोबा दर वेळी तितकेच संतापत राहिले.

अशाच एका बाजाराच्या दिवशी खालापूरहून एक बाई आल्या. मी तेव्हा शिकून इथल्याच शाळेत मास्तर झालो होतो. सुट्टी होती म्हणून घरी होतो. या बाईंचं खालापूरला सुक्या मासळीचं दुकान. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं. लहानथोर सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांनी नारळ आणला नव्हता. सोड्यांची पुडी आणली होती. ती आत्याच्या हातात देऊन त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, मला माझ्या भावाचं तोंड बघायचंय."

भाऊ त्यांच्याहून पुष्कळ मोठा. त्या लहान असताना बापाशी भांडून पळाला आणि बोटीवर खलाशी झाला. गावात बोलत की तो दुसऱ्याच्याच नावानं भरती झाला, त्यामुळे नावाचा उपयोग नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मग एके दिवशी गावातले मास्तर जिल्ह्याचं साप्ताहिक घेऊन घरी आले, यात तुमच्या पोराचं चित्र आलंय म्हणाले आणि बातमी बापाला वाचून दाखवली. बापानं तो कागद घडी घालून आत नेला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढे त्या मुलाचं नाव घरात काढायची सोय उरली नाही. आता बापही नव्हता, आईही नव्हती. खालांना फक्त ते चित्र पाहायचं होतं.

आतोबांचे डोळे मिटले गेले. अंगठा पेरांवर फिरू लागला. "साल?"

"मी फ्रॉक घालत होते."

"ते साल होत नाही. तेव्हा काय होतं? काय मिळत नव्हतं?"

खालांनी विचार केला. "रॉकेल मिळत नव्हतं. लढाई चालली हाय असं मोठी माणसं बोलायची. नि अंगणात कैऱ्या वाळत होत्या."

"वा!" आतोबा उठून बसले. "वा, वा! लढाईची वर्षं, चैत्र-वैशाख. बाई, तुम्ही फार चांगलं विचारता. आता तो दिसायला कसा होता?"

"डोक्यावर दोन भोवरे होते."

"फोटोत माणूस वरून दिसत नाही हो."

"ते मला बी कळतंय रं आप्पा!" खाला हसल्या. "पण मी त्याला वरूनच बघितलाय. चौक गावच्या बाजाराला मला खांद्यावर बसवून न्यायचा. त्याचे केस मुठीत धरायची मी. डोकं मला आत्ता बी काढून दाखवता येईल. तोंड तेवढं नाय आठवत."

"मग ओळखणार कसं?"

"बघितला की ओळखीन. माझा भाऊ हाय तो."

अडचण अशी होती की आतोबांच्या कार्डांवर बोटीचं भोकच नव्हतं. डोंगराखालच्या आमच्या तालुक्याला बोटींबद्दल कोण कशाला विचारणार? भातासाठी होतं, रस्त्यांसाठी होतं, शाळा, लग्न, चोरी, पूर, घाटातले अपघात या सगळ्यांसाठी होतं. कार्डाच्या कोपऱ्यातलं एकच भोक त्यांनी काहीही अर्थ न देता राखून ठेवलेलं होतं. कशासाठी, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं. ते त्यांनी खालांच्या भावाला दिलं. पण नवं भोक वापरायचं म्हणजे सगळी साप्ताहिकं पुन्हा पहिल्यापासून वाचायला हवीत. बोटीवर गेलेल्या माणसाची बातमी दिसली की त्या कार्डाला खाच पाडायची. ते सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा वाचनालयाच्या माळ्यावर बसून वाचत राहिले. धुळीनं घसा बसला. मी मदत करू का विचारलं तर खुणेनं नको म्हणाले. माळ्याच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा पट्टा सकाळी त्यांच्या पायाशी असायचा आणि संध्याकाळी समोरच्या भिंतीवर चढलेला असायचा, आणि मध्ये काय झालं ते विचारलं तर सांगत, "आज रंगूनपर्यंत गेलो होतो." जेवायला आले तरी त्यांचे डोळे कुठल्यातरी पाण्यावर असत. मधूनच खालांचा बाजारच्या टेंपोवाल्याबरोबर निरोप येई, "दिसला का?" आणि आतोबा उलटा निरोप धाडत, "येतोय."

शेवटी आंब्यांच्या दिवसांतच त्यांनी खालांना बोलावलं. ओट्यावर चटई टाकली होती. खालांनी नवी साडी नेसली होती, ते आत्याच्या लगेच लक्षात आलं. आतोबांनी गठ्ठा ठोकून सारखा केला, कोपऱ्यातल्या भोकात सुई घातली आणि उचलून हलवला. दुपारच्या उन्हात कार्डं गिरक्या घेत पडली. ती उचलून दुसरी सुई, चित्र असलेल्यांची. मग लढाईच्या वर्षांची. मग परजिल्ह्यातल्या माणसांच्या भोकात सुई घालून ती तेवढी गाळून टाकली. सुईवर राहिली तीन कार्डं.

मी आणि आतोबांनी वाचनालयातून ती तीन पानं असलेले बांधीव खंड आणले आणि खालांसमोर उघडून ठेवले. पहिल्या चित्रात एक जण दोरखंडावर हात ठेवून हसत होता. दुसऱ्यात टोपीची सावली अर्ध्या चेहऱ्यावर पडलेली. तिसरं नुसतं डोकं आणि खांदे, पासासाठी काढतात तसं, भोवती जाड रेघ. खालांना वाचता येत नव्हतं. आत्याला येत होतं. तिनं तिसऱ्या चित्राखालच्या ओळी वाचल्या आणि "चहा टाकते," म्हणून आत निघून गेली.

खाला पहिल्या चित्राकडे बघत राहिल्या. "भाई हसायचा," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्याकडे. "कान असेच होते. का नव्हते?" मग तिसऱ्याकडे. मग पुन्हा पहिल्याकडे. जरा वेळानं त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखी भीती होती. "आप्पा, मला कळंना."

"घाबरू नका," आतोबा घाईघाईनं म्हणाले. त्यांचं सुख पुन्हा त्यांच्या हाती आलं होतं. "अजून एक सुई घातली की एकच उरेल. फक्त एवढं सांगा, मास्तरांनी वाचून दाखवलं त्या दिवशी घरात काय झालं?"

"बाप रागावला. आय नेहमी तसंच सांगायची. रागानं जेवला नाय."

"मग बातमी चांगली होती म्हणायची. आणखी काय आठवतं?"

"आणखी काय..." खाला नदीकडे बघत होत्या. "चूल नव्हती पेटली. मला भूक लागलेली. शेजारच्या चाचीनं जेवण आणलं. मग पलीकडच्या घरातून बी आलं. मी खूश झालेली, एवढं सगळं..."

त्या थांबल्या. घरात चूल पेटत नाही आणि आजूबाजूच्या घरांतून जेवण येतं तो दिवस कसला असतो, हे त्या ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबांच्या हातातली सुई तशीच हवेत राहिली. कोणत्या भोकात घालायची ते त्यांना कळलं होतं. निधनाच्या बातम्यांचं भोक त्या कार्डावर वरच्याच रांगेत होतं.

"आप्पा," खाला अगदी हळू म्हणाल्या, "ती सुई नको घालू."

"बरं."

"तिघं बी राहू दे."

"राहू दे," आतोबा म्हणाले. अर्धवट प्रश्न ऐकला की ज्यांच्या कपाळावर आठी पडायची, त्यांनी ती तीन कार्डं गठ्ठ्यात परतही घातली नाहीत. तिघांना मिळून एक वेगळं पाकीट केलं.

खाला गेल्यावर मी आतोबांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, कोणता ते?"

"माळ्यावर वाचलं तेव्हा नव्हतं. आज झालं."

"मग सांगायचं होतं."

ते आरामखुर्चीत मागे टेकले. डोळे मिटले, पण या वेळी अंगठा हलला नाही. "प्रश्न तिचा होता रे," ते म्हणाले.

आता आतोबा नाहीत. मुलांना परीक्षेत उत्तर सुचत नसलं की मी सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा. आणि हे सांगताना आवाज त्यांचा येतो, असं आत्या म्हणते. पण ते होते तोपर्यंत खाला बाजाराला आल्या की आमच्याकडे येत, आणि आतोबा न विचारता खंड आणून ठेवत. कधी त्यांना हसणारा भाऊ वाटे. "आज ह्योच," म्हणत. पुढच्या खेपेला टोपीवाला. मग त्याच्याविषयी काही काही सांगत बसत, कैऱ्या कशा पाडायचा, बाजारातून येताना गाणं कसं म्हणायचा, आणि आतोबा मान डोलावत ऐकत. तिसऱ्या चित्राकडे त्या फारशा बघत नसत. फक्त उठायच्या आधी, पदर सारखा करता करता, त्याच्या केसांवरून एकदा बोट फिरवत आणि मग पान मिटत.